‘बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारू नका: अनोळखी तालुक्यात आडबाजूच्या जागा शोधायची रीत

शुक्रवारी रात्री मोबाइलवर ‘ऑफबीट कोकण’ शोधायचं, पहिल्या तीन व्हिडिओंतली पाच नावं टिपून घ्यायची आणि शनिवारी पहाटे गाडी काढायची. दुपारी तिथे पोचावं तर आपल्या आधी अकरा गाड्या उभ्या, त्यातल्या निम्म्या आपल्याच पासिंगच्या. मग ‘कोकणात आता काही राहिलं नाही’ म्हणत सोलकढी प्यायची आणि परत फिरायचं.

राहिलंय पुष्कळ. चुकतो तो कामाचा क्रम. बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात, मग मुक्काम बघतात, ऋतूचा विचार वाटेत करतात आणि गावातल्या माणसाशी पहिल्यांदा बोलतात ते रस्ता चुकल्यावर. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे. उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका घेतलाय, कारण तिथे मी बरीच वर्षं जातोय आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिथेच करून झाल्यात.

१. जिल्हा नको, तालुकाही मोठा: एक सडा किंवा एक खाडी धरा

‘यंदा कोकण करू’ हा बेत नाही, ती इच्छा झाली. तीन-चार दिवसांत माणूस नीट बघू शकतो तो फार तर दहा-बारा गावांचा टापू. राजापुरात तो धरायचा तर एखादा सडा घ्या, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार आणि त्याच्या उतारांवरची गावं. किंवा खाडीचा एक काठ घ्या. दोन्ही काठ नकोत.

एकच काठ का? नकाशावर समोरासमोर दिसणारी गावं पाण्यामुळे दूर पडलेली असतात. जयगड आणि तवसाळ, दाभोळ आणि धोपावे या जोड्या बघा. फेरीबोटीने काही मिनिटांचं अंतर, आणि बोट नसेल तर रस्त्याने अर्धा दिवस. जिथे अशी बोट नाही तिथे पलीकडचं गाव म्हणजे वेगळी सहल समजा.

*तपासा:* निवडलेल्या टापूच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला गाडीने पाऊण तासाच्या वर लागत असेल, तर टापू मोठा झालाय. किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. घाटीच्या वळणांवर वीस किलोमीटरला तास सहज जातो.

२. ऋतू आधी, जागा नंतर

एकच सडा वर्षात चार वेळा वेगळा असतो आणि तुम्ही जे शोधताय ते त्यातल्या एकाच वेळेला दिसतं.

कातळशिल्पांचंच घ्या, म्हणजे सड्याच्या कातळात खोदलेल्या जुन्या चित्रांचं. कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे ही राजापुरातली नावं आता बऱ्याच जणांना माहीत झाली आहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात ही आहेत. पण ऑगस्टमध्ये किंवा ऑक्टोबरात सड्यावर गेलात तर गुडघाभर गवत दिसेल, खोदकामाची रेघ दिसणार नाही. गवत वाळून कापलं गेलं की मग कातळ उघडा पडतो. म्हणजे डिसेंबरनंतर. त्यातही दुपारी बाराला डोक्यावर ऊन असताना उथळ रेघा सपाट होतात. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उजेडात त्याच रेघा सावली धरतात. मी एका चित्राच्या पायापाशी उभं राहून ‘चित्र कुठेय?’ असं विचारलेलं आहे. सोबतचा मुलगा म्हणाला, ‘काका, तुम्ही शेपटीवर उभे आहात.’

पावसाळ्यात व्हाळ (ओढे), धबधबे, सड्यावरची फुलं आणि पाणी साचलेल्या कातळकुंड्या. एप्रिल-मे महिन्यांत न आटलेले झरे, कारण बाकीचं सगळं सुकलेलं असतं आणि जिथे पाणी आहे तिथे पाखरं, गुरं आणि माणसं तिन्ही सापडतात. देवळं आणि देवराया (देवाच्या नावाने राखलेली रानं) बाराही महिने, पण मार्चनंतर देवराईतला गारवा ज्याने घेतला त्याला त्याची किंमत कळते.

*सावधान:* गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस गावाचे असतात. मुंबईकर घरी आलेले, घरं भरलेली, शिमग्यात पालखी घरोघर फिरत असते. कुणाच्या ओळखीने बोलावणं असेल तर यासारखा दुसरा काळ नाही. बोलावणं नसेल तर तेव्हा जाऊन ‘गाव रिकामं करा, मला शांतता हवीय’ अशा चेहऱ्याने हिंडू नका.

३. घरी बसून: तीन कागद एकावर एक

या टप्प्याला दोन संध्याकाळी द्या. लोक तो टाळतात आणि मग गावात जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालतात, तिथे रेंज नसते.

*पहिला कागद, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा.* १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. या प्रमाणात नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर पायवाटा, विहिरी, देवळं आणि मुख्य म्हणजे वाड्यांची नावं असतात, जी मोबाइलच्या नकाशावर बऱ्याचदा नसतात किंवा भलत्याच वाडीला चिकटवलेली असतात. रस्ते मात्र यावरून ठरवू नका, ते बदललेले असतात.

नावं वाचायला शिका. अर्धी माहिती त्यातच असते. ‘उन्हाळे’ म्हटलं की गरम पाण्याचा झरा आठवावा. राजापूरजवळच्या उन्हाळ्यात तो आहे आणि दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्यातही. ‘गोठणे’ म्हणजे गुरं दुपारी विसाव्याला थांबायची ती जागा, तिथे सावली आणि पाणी जवळ असणारच. नावाच्या शेवटी ‘तळी’ असेल तर तळं शोधा. ‘घळ’ असेल तर कड्यात फट किंवा गुहा असायची शक्यता, कशेळीजवळची देवघळ तशीच समुद्राला टेकलेली. ‘बंदर’ असं नाव असूनही आज तिथे चार होड्याच दिसत असतील, तर जुना धक्का, जकातीची पडकी इमारत, गोदाम असं काहीतरी सापडायचा संभव आहे.

*दुसरा कागद, उपग्रहाचं चित्र.* हे नेहमी कोरड्या महिन्यातलं बघा. गुगल अर्थवर मागच्या तारखांची चित्रं काढता येतात, त्यात मार्च-एप्रिलचं निवडा. पावसाळ्यातल्या चित्रात सगळंच हिरवं असतं. कोरड्या चित्रात सडा करडा-तांबूस दिसतो आणि हिरवे ठिपके उठून येतात. आता फरक ओळखायचा: झाडं सारख्या अंतरावर ठिपक्यांच्या रांगांत असतील तर ती हापूसची बाग. रांग नाही, मधे जमीन दिसत नाही, गोधडीसारखा एकसलग दाट तुकडा आहे आणि त्याच्या कडेला एखादं कौलारू छप्पर आहे, तर ती बहुधा देवराई. मी असे सात तुकडे खुणा करून नेले होते, पाच देवराया निघाल्या. सहावा तुकडा कुणाच्या परसातली काजूची गर्दी होती आणि सातव्यापर्यंत पोचताच आलं नाही.

*तिसरा कागद, गॅझेटियर.* १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे. इंग्रजी आहे, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. शेवटच्या भागात गावांची अकारविल्हे नोंद आहे: बंदरं, जुनी देवळं, किल्ले, झरे. स्पेलिंगं जुन्या वळणाची असल्याने गावाचं नाव दोन-तीन प्रकारांनी शोधावं लागतं. यात लिहिलंय म्हणून ते आज आहे असं धरून चालू नका. पण गावातल्या जाणत्या माणसाशी बोलायला एवढी चांगली सुरुवात दुसरी नाही.

*तपासा:* निघताना तुमच्याकडे जागांची यादी असेल तर काम अपुरं आहे. यादी प्रश्नांची हवी. ‘या वाडीच्या वरच्या अंगाला दाट झाडी दिसते, ती कुणाची?’, ‘नकाशात इथे विहीर दाखवलीय, ती अजून वापरात आहे का?’ असे सहा-सात प्रश्न पुरेत.

४. मुक्काम वाडीत, हायवेवर नाही

हायवेवरच्या हॉटेलात राहणाऱ्याला हायवेवरचीच माहिती मिळते. वाडीत एखाद्या घरी राहायची-जेवायची सोय बघा आणि एकाच ठिकाणी तीन रात्री काढा. पहिल्या दिवशी तुम्ही पाहुणे असता. दुसऱ्या दिवशी ‘पुण्याहून आलेत ते’ होता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी आपण होऊन म्हणतं, ‘अहो, तिकडे गेलात का?’ खरा शोध बहुधा तिसऱ्या दिवशीच लागतो आणि दोन रात्रींचा बेत करणारे नेमके त्याच सकाळी परतीला निघालेले असतात.

उजेड असताना पोचा. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. घरगुती खानावळीत दुपारी दोनला उगवून ‘काय मिळेल?’ विचारलं तर जे मिळेल ते तुमच्या तोंडावर राग न दाखवता वाढतील, पण मग पुढे गप्पा होत नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवा.

५. पहिला अर्धा दिवस गाडीला हात लावू नका

गाडीतून दिसतो तो रस्ता. गाव दिसतं ते चालताना, कारण कोकणातलं गाव रस्त्याला पाठ करून पाणंदी-पाखाड्यांच्या (अरुंद वाटा आणि पायऱ्यांच्या वाटा) बाजूला तोंड करून असतं.

आधी एसटी स्टँड किंवा तिठा. तिथला वेळापत्रकाचा फलक वाचा. शेवटच्या थांब्यांची नावं टिपा, विशेषतः ज्या गावाला दिवसात एक-दोनच गाड्या जातात ती. मग वाडीतलं देऊळ, पिठाची गिरण, किराणा दुकान. गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत बसलेल्या असतात, त्यांना वेळ असतो. दुकानात काहीतरी विकत घेऊनच बोला.

आठवडा बाजार त्या दिवसांत येत असेल तर तो सोडू नका. मोठ्या बाजारात, म्हणजे गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या ठिकाणीही, खरी माहिती मधल्या गाळ्यांत नसते; ती कडेला पोतं अंथरून चार भोपळे, रानभाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईकडे असते. भाजी कुठली ते विचारा. तिने नाव घेतलेलं गाव तुमच्या नकाशावर आहे का ते बघा.

*सावधान:* हातात नकाशाचे कागद, गळ्यात कॅमेरा, अंगावर खिसेवालं जॅकेट अशा थाटात सड्यावर फिरणारा अनोळखी माणूस गावाला दोनच प्रकारचा वाटतो: सर्व्हेवाला किंवा जमिनीचा दलाल. हे उगाच नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून मोठं आंदोलन झालं. त्या भागात ड्रोन उडवणं म्हणजे आपणहून संशय ओढवून घेणं. मला एकदा एका अंगणात पाणी देण्याआधी विचारलं गेलं, ‘जमीन बघायला आलात?’ नाही म्हटलं. मग ‘कोणाकडे आलात?’ याला ‘सहजच’ हे उत्तर चालत नाही. ‘अमक्यांच्या घरी उतरलोय’ असं सांगता आलं पाहिजे. चौथा टप्पा आधी करायचा तो यासाठीच.

६. कुणाला काय विचारायचं

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात.

‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न वाईट आहे. समोरचा माणूस तुमच्या कपड्यांकडे बघून तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज करतो आणि प्रसिद्ध ठिकाण सांगतो. राजापुरात असाल तर धूतपापेश्वर, गंगातीर्थ, आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य. चांगलीच ठिकाणं आहेत, जरूर बघा. पण ती विचारायला तुम्ही आला नव्हतात. त्याच्या लेखी घरामागचा झरा ही बघण्यासारखी गोष्टच नाही, ती रोजची आहे.

म्हणून रोजचंच विचारा.

म्हाताऱ्या बाईंना पाण्याबद्दल. ‘आजी, नळ नव्हता तेव्हा पाणी कुठून आणायचात? मे महिन्यात कुठलं पाणी टिकतं?’ एका आजींनी मला या प्रश्नावर आधी पाच मिनिटं नळयोजनेला शिव्या दिल्या आणि मग म्हणाल्या, ‘धुणं घेऊन आम्ही खालच्या पऱ्यावर जायचो, तिथे देवाचं पाणी आहे.’ ‘देवाचं म्हणजे?’ तर जांभ्यात खोदलेली हातभर रुंदीची पन्हळ, तिच्यातून पडणारं बारीक धारेचं पाणी, खाली झिजून बशीसारखी झालेली शिळा आणि शेजारी कपडे आपटायचे तीन दगड. नकाशात नाही, कुठल्या व्हिडिओतही नाही. घरापासून चालत सात मिनिटं.

मधल्या वयाच्या पुरुषांना बालपणाबद्दल. ‘शाळा बुडवून पोहायला कुठे जायचात?’ असं विचारलं की चेहरा बदलतो आणि डोहाचं नाव येतं. सोबत ‘आता कुणी जात नाही’ हेही येतं. का जात नाही ते विचारून घ्या. कधी मगर असते, कधी कुणी बुडालेलं असतं.

सड्याबद्दल गुराख्यालाच विचारा. त्यातही शब्द जपून. ‘कातळशिल्प’, ‘जिओग्लिफ’ हे आपले शब्द. ‘सड्यावर कातळात काही खोदलेलं, काही चित्रं आहेत का, पांडवांनी काढलेली वगैरे?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी कोकणातल्या सड्यांवर शोध घेतला तोही असाच, गावागावांत जाऊन लोकांना विचारत आणि सडे पायी तुडवत.

गुरवाला देवळाबद्दल, पण मुख्य देवळाबद्दल नाही. ‘या देवाची मूळ जागा कुठली?’ हा प्रश्न विचारून बघा. बऱ्याच गावांत देव आधी राईत किंवा सड्यावर होता आणि मग खाली आणला अशी समजूत असते आणि ती जागा अजून जपलेली असते.

खारव्या-गाबतांच्या वस्तीत, मच्छीमारांना, किनाऱ्याबद्दल. ‘वारा असला की होड्या कुठे लावता?’ म्हणजे आडोशाची छोटी पुळण (वाळूचा किनारा) कळते.

आंब्याच्या हंगामात बागांमध्ये नेपाळहून आलेले राखणदार असतात. त्यांना वाटा पक्क्या ठाऊक असतात, जागांची नावं मात्र नसतात. वाट त्यांना विचारा, नाव गावात.

हे विचारताना पुढचं विसरू नका:

– ‘हो’ हे उत्तर येईल असा प्रश्न नको. ‘ही वाट धबधब्याकडेच जाते ना?’ म्हटलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘ही वाट कुठे जाते?’ असं विचारा आणि गप्प बसा.

– अंतर विचारू नका, वेळ विचारा. ‘हे काय, इथेच’ म्हणजे वीस मिनिटंही असतील आणि चढणीचा दीड तासही. ‘डोक्यावर गवताचा भारा असला तर किती वेळ लागतो?’ याचं उत्तर तुमच्या रिकाम्या हातांच्या चालीला बरोबर लागू पडतं.

– तीच गोष्ट दुसऱ्या माणसाला पहिल्याच्या अपरोक्ष विचारा. दोघांची खूण जुळली तर निघा. एक जण ‘वडाच्या डावीकडून’ आणि दुसरा ‘साकवाच्या अलीकडून’ सांगत असेल तर दोघं दोन वेगळ्या जागांबद्दल बोलताहेत. तेही वाईट नाही. दोन जागा झाल्या.

– चहा दिला तर घ्या. घाई असेल तर ज्याच्या अंगणात उभे आहात त्याला प्रश्नच विचारू नका.

७. परवानगी: सडा मोकळा दिसतो, मोकळा नसतो

कुंपण नाही म्हणजे मालक नाही असं नव्हे. सड्याच्या जमिनी बहुतेक खासगी असतात, त्यातही सामायिक. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं आणि त्यातली निम्मी मुंबईत. अशा वेळी गावातल्या एका जबाबदार माणसाला, पोलीस पाटलाला किंवा तुमच्या घरमालकाला ‘अमुक बाजूला जातोय’ एवढं सांगून जा. आंब्याच्या दिवसांत गडगा (दगडी कुंपण) ओलांडायचाच नाही. बागेतून वाट असली तरी आधी हाक मारायची.

देवराईचे नियम गावागणिक बदलतात. कुठे चपला बाहेर, कुठे चामड्याचं काहीच नको, कुठे वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, कुठे ठरावीक जागेपलीकडे जायचं नाही. ते पटतात की नाही हा प्रश्न घरी ठेवून या. गुरवाला विचारा, तो सांगेल तसं वागा. फोटोही विचारूनच.

*सावधान:* कातळशिल्पाच्या रेघांवर पाय देऊ नका. फोटोत उठून दिसावं म्हणून खडूने रेघा भरणारे महाभाग मी पाहिलेत. खडू, रंग, दगडाने घासणं, काही म्हणजे काहीही नको. उजेड तिरपा असेल तर गरजच पडत नाही.

८. प्रत्यक्ष जाताना

मोबाइलच्या नकाशाने दाखवलेला ‘जवळचा रस्ता’ घेऊ नका. एकदा मी तो घेतला आणि गाडी थेट पाखाडीच्या तोंडाशी नेली: पुढे जांभ्याच्या चाळीस-पन्नास पायऱ्या, दोन्हीकडे छातीएवढे गडगे आणि मागे वळायला जागा नाही. चौघांनी मिळून गाडी मागे घ्यायला लावली, तेही अंधारात, प्रत्येकाची सूचना वेगळी. गावातले लोक कुठल्या रस्त्याने जातात ते विचारा आणि गाडी शेवटच्या घरापाशी, त्यांना सांगून लावा.

सड्यावर सावली नसते. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, जाड तळव्याचे बूट. जांभ्याच्या कपारीत फुरसं नावाचा साप असतो. रंगाने कातळासारखाच, लहानसा आणि विषारी. दगड उलटू नका, कपारीत हात घालू नका, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय चालू नका. पावसाळ्यात शेवाळलेला जांभा साबणासारखा होतो. आणि जाताना घोट्याएवढा असलेला व्हाळ वर पाऊस झाला की येताना कमरेएवढा असू शकतो. परतायची वेळ निघण्याआधीच ठरवा आणि तेव्हा जिथे असाल तिथून मागे फिरा.

समुद्राकडच्या घळी, खडकांमागच्या पुळणी यांना भरतीचं गणित लागतं. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारी आणि पहाटेही. साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमेला, पंधरा धरून, सव्वाअकराला. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हेच. हा अंदाज झाला. भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक आणि तिथला मच्छीमार, दोघांशी ताडून बघा. ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी आत शिरा आणि पाणी वळलं की बाहेर पडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त खाली जातं आणि परत येतं तेही तेवढ्याच जोराने.

*तपासा:* घरमालकाला सांगितलं का? कुठे जातोय, कुणासोबत, किती वाजता परत येणार. रेंज जाते तिथे हाच विमा.

९. परत आल्यावर काय लिहायचं, काय नाही

त्याच रात्री वहीत लिहा: जागेचं नाव गावात जसं म्हणतात तसं, कुणी सांगितलं, कुठल्या घराजवळून वाट फुटते, महिना कुठला, पाणी होतं का. महिना लिहायला लोक विसरतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला चुकीच्या ऋतूत पाठवतात.

जागा इंटरनेटवर टाकायची का? माझा हिशोब असा: ज्या जागेला गावाने स्वतः फलक लावलाय, ती खुशाल सांगा. जी एका घराच्या परसातून जाते, जिथे लोक अजून पाणी भरतात, किंवा जिथे कासवाची घरटी आहेत, तिथला नेमका ठिकाणा टाकू नका. आजींच्या त्या पन्हळीचं गाव मी इथेही लिहिलेलं नाही.

१०. तीन दिवसांत काही हाती लागलं नाही तर

असं होतं. पाऊस लागतो, गावात मयत झालेलं असतं, कुणी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतं. अशा वेळी पाचव्या टप्प्यात टिपलेली शेवटच्या थांब्यांची नावं काढा आणि वस्तीची गाडी पकडा. म्हणजे संध्याकाळी आगारातून सुटून आडगावात रात्री मुक्काम करते आणि पहाटे परत निघते ती एसटी. आधी एक फोन करून त्या गावात रात्रीची सोय होईल याची खात्री करा, नाहीतर तिकडे लॉज नसतं. दुपारीच चौकशीच्या खिडकीवर गाडी आज जाणार आहे ना, एवढं विचारून घ्या.

पुढची सीट धरा. ड्रायव्हर-कंडक्टरांना प्रत्येक थांब्यावर कोण उतरतं, कुणाचं औषध पोचवायचंय, कुठल्या वळणावर रात्री गवा आडवा येतो हे सगळं माहीत असतं आणि शेवटच्या अर्ध्या तासात गाडीत सहाच माणसं उरलेली असतात. तेव्हा सहावा टप्पा पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. सकाळी गाडी किती वाजता काढणार ते मात्र झोपण्याआधी कंडक्टरना विचारून ठेवा. फलकावर सहा लिहिलेलं असलं तरी दूधवाला आला की ते निघतात.